सायकलीशी कानडीत बोलणारे वस्ताद

वस्ताद माणसांशी मराठीत बोलत आणि सायकलींशी कानडीत. मंगळवार पेठेत त्यांचं सायकलीचं दुकान होतं. पाटी नव्हती, पण कुणाला विचारावं लागत नसे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खाकी हाफपँट आणि कानाला अडकवलेला खडू. गिऱ्हाईक तक्रार सांगायला लागलं की ते हात वर करून त्याला थांबवायचे, सायकल उलटी करायचे, चाक फिरवायचे आणि कान जवळ नेऊन तिलाच कानडीत काहीतरी विचारायचे. चाक कुईकुई करायला लागलं की हळूच म्हणायचे, "सुम्मनिर." म्हणजे गप राहा.

"काय म्हणाली?" गिऱ्हाईक विचारायचं.

"काय न्हाय. उद्या सांजच्याला या."

एकदा मी त्यांना म्हटलं, "वस्ताद, सरळ मराठीत बोला की तिच्याशी. आम्हालाही कळेल." तर म्हणाले, "पोरी, हिच्या अंगात काय काय दुखणं हाय ते चार माणसांत कशाला काढायचं? सायकल झाली म्हणून तिला अब्रू न्हाय व्हय?"

आमच्या कोल्हापुरात वस्ताद म्हणजे तालमीत पैलवान घडवणारा भारदस्त माणूस. हे वस्ताद अंगानं म्हणाल तर सायकलच्या पंपाएवढे. पण पेठेतल्या निम्म्या पोरांना सायकल शिकवली ती त्यांनीच, आणि शिकवताना आवाज असा लावायचे की तालमीतले पैलवान बाहेर येऊन बघायचे. म्हणून ते वस्ताद. खरं नाव काय होतं ते मला त्यांच्या तेराव्याच्या पत्रिकेवर कळलं, आणि ते वाचून हे कोण बरं गेले, असा मी क्षणभर विचारही केला.

त्यांची शिकवायची तऱ्हा उलटी होती. बाकीचे लोक सीट मागून धरतात आणि पळतात. वस्ताद पुढं उभे राहायचे, हात पसरून, आणि मागं मागं चालायचे. "माझ्याकडं बघ. चाकाकडं बघू नगंस. चाक कुटं जाणार न्हाय, जागच्या जागी फिरतंय ते!" मी तेव्हा सतरा वर्षांची. दोन वेण्या, रिबिनी आणि जगात आपल्याइतकं हुशार कुणी नाही अशी पक्की खात्री. मी त्यांच्याकडं इतकं मन लावून बघितलं की सरळ त्यांच्याच पोटात सायकल घातली. ते धुळीत बसले, टोपी उचलली आणि म्हणाले, "बरोबर आलीस. आता बिरीक कुटं असतोय ते सांगतो."

दुसरी एक सवय. तासावर नेलेली सायकल परत आली की वस्ताद आधी मागच्या चाकाच्या मधल्या नळीवर, म्हणजे हबवर, तळहात ठेवायचे. डोळे मिटून, वैद्य नाडी बघतो तसे. मग निकाल स्वतःशीच पुटपुटायचे. "दमली," किंवा "दमली न्हाय." पंचगंगेपर्यंत जाऊन आलो म्हणणारं पोरगं कोपऱ्यावरच्या चहाच्या गाडीवर बसून आलंय, हे त्यांच्या तळहाताला कळायचं. पण ते पोराला काही बोलत नसत. सायकलला बोलायचे, कानडीत.

आता माझी गोष्ट सांगायला हवी, नाहीतर वस्ताद पुरते कळणार नाहीत.

माझ्या अक्काचं लग्न मुरगूडला झालं. पाठवणीच्या वेळी ती रडायची थांबेना. सगळे रडत होते, मला मात्र काहीतरी दणदणीत बोलायची हुक्की आली. मी म्हटलं, "अक्का, रडू नको. मी सायकलवरून येत जाईन तुझ्याकडं." अक्का रडता रडता हसली. तिच्या सासूबाई तर पदर तोंडाला लावून हसल्या. त्या हसण्यानं मला असा राग आला की महिन्याभरात मी वस्तादांकडून दोन दिवसांसाठी लेडीज सायकल मागून घेतली. घरी आईला सांगितलं, एसटीनं जाते.

कोल्हापूर ते मुरगूड म्हणजे चाळीसेक किलोमीटर, आणि वाटेत निम्म्यावर कागल. कागलपर्यंत मी गेले. कशी गेले ते विचारू नका. रिबिनी सुटल्या होत्या, तोंड टोमॅटोसारखं झालं होतं, आणि स्टँडजवळ उसाचा रस प्यायला म्हणून उतरले तर पाय परत वर चढेनात. समोर मुरगूडची एसटी लागलेली. मी कंडक्टरला मामा म्हटलं, सायकल काथ्याच्या दोरीनं एसटीच्या टपावर बांधून घेतली आणि खिडकीशी बसून गेले. मुरगूडच्या अलीकडं एक थांबा आधी उतरले. विहिरीवर तोंडावर, मानेवर पाणी मारून घेतलं, घाम दिसावा म्हणून. आणि घंटी वाजवत अक्काच्या दारात गेले. सासूबाई ओसरीवरून उठून उभ्या राहिल्या! शेजारपाजारचे गोळा झाले. मी पाणी मागितलं ते कसं, धापा टाकत. इतका चांगला अभिनय मी पुढं आयुष्यात कधी केला नाही. परत येतानाही तोच टप आणि तीच दोरी. आईला एसटीनं जाते म्हटलं होतं, ते मात्र कागलपासून पुढं शब्दशः पाळलं.

सायकल परत द्यायला गेले तेव्हा दुकानात पाच-सहा पोरं उभी होती. मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "मुरगूडला जाऊन आले, वस्ताद!" पोरं वळून बघायला लागली. वस्तादांनी हबवर तळहात ठेवला. डोळे मिटले. मग हँडलच्या सांध्यात अडकलेला काथ्याचा एक पिवळा धागा दोन बोटांनी हळूच ओढून काढला, त्याच्याकडं बघितलं, खिशात टाकला. ते सायकलकडं वाकले आणि म्हणाले, "सुम्मनिर."

एवढंच. ना मला काही बोलले, ना पोरांना.

त्यानंतर पन्नास वर्षं मी मुरगूडला सायकलवरून गेलेली बाई होते. लग्न होऊन राजारामपुरीत आले तर सासरी ही ख्याती माझ्या आधी पोचली होती. गोष्ट दर वर्षी थोडी लांबत गेली. आधी तीत समोरचा वारा आला, मग कागलच्या पुढचा चढ, मग एक पंक्चर, मग सिद्धनेर्लीजवळ मागं लागलेलं कुत्रं. कुत्र्याचा रंगही मी ठरवून टाकला होता. शाळेत तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं आणि कंटाळा आला की त्यांनाच ही गोष्ट सांगितली. कधी वस्ताद रस्त्यात भेटायचे. "काय पोरी, बरी हाईस न्हवं?" एवढंच विचारायचे. त्यांच्या डोळ्यांत कधी त्या काथ्याचा धागा दिसला नाही. म्हणूनच मला तो दर वेळी दिसायचा.

मग माझा नातू ओंकार नोकरीला परदेशी निघाला. त्याची एक महागडी विजेची सायकल होती. खडीच्या, कच्च्या वाटांवरून हिंडायची, जाड बटनाच्या टायरांची, पोटात बॅटरी आणि हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. ती घेऊन तो मसाई पठारावर जायचा. जाताना त्यानं ती माझ्या दारात लावली. "आजी, विकणार नाही मी. बिनमोटारीच्या सायकलवरून मुरगूडला गेलेली आजी घरात असताना विकायची कशी? तू जाऊन ये अक्काआजीकडं. तिचं वय झालंय, तिला बरं वाटेल. मला फोटो पाठव."

आली की नाही पंचाईत! अडुसष्टाव्या वर्षी माझी थाप माझ्याच दारात येऊन उभी राहिली, आणि तीही चार्ज होऊन.

पण खरं सांगू? मला हावही सुटली. मनात आलं, एकदा खरंच जावं. म्हणजे जे पन्नास वर्षं सांगितलं ते निदान आता तरी खोटं राहणार नाही. अक्का पंचाहत्तरीला टेकलेली. उशीर करून चालणार नव्हतं.

अक्कल मात्र सतरा वर्षांचीच राहिलेली. निघायच्या दिवशी मी आधी मैत्रिणींना दाखवायला रंकाळ्याला दोन फेऱ्या मारल्या, मग कळंब्याच्या तलावापर्यंत जाऊन आले, आणि मोटार सगळा वेळ जोरात ठेवली. जाड टायर डांबरावर भुंग्यासारखे गुणगुणत होते, मला वाटलं वेगाचाच आवाज. वाकून वाकून मानेला रग लागली. कागलच्या स्टँडपाशी आले आणि बॅटरी संपली. ती संपली की ते धूड ढकलणं म्हणजे म्हशीला जिना चढवणं. मी पायरीवर बसले. समोर रसाचा गाडा, त्याच्या पलीकडं मुरगूडची एसटी लागलेली. ड्रायव्हर म्हणाला, "काय आजी, मुरगूड? या की." मी उठलेसुद्धा. मग त्या काथ्याच्या धाग्याची आठवण झाली आणि परत बसले. शेवटी जावयाला फोन करून टेम्पो मागवला आणि उलटी घरी आले.

दुसऱ्या दिवशी सायकल ढकलत वस्तादांकडं गेले. ते ब्याऐंशीचे झाले होते. हात थरथरायचे, म्हणून पाने-स्क्रू त्यांची सून गौरा हाताळायची आणि ते खुर्चीत बसून तिला सांगायचे. गौराचा हात त्यांच्यापेक्षाही सफाईदार आहे असं ते तिच्यामागं सगळ्यांना सांगत, तिच्यासमोर कधी नाही.

त्यांनी सायकलकडं बघितलंच नाही. मला म्हणाले, "चालून दाव दोन पावलं." मी चालले. "मान कुटं दुखतीया? हितं? व्हय. आन् डावा गुडघा." मग काठीनं सायकलच्या जाड नळीवर टकटक केलं. "हिच्या पोटात काय हाय?"

"बॅटरी आहे, वस्ताद."

चाक फिरवायला लावलं, कान नेला. बराच वेळ ऐकलं. मग कानडीत काहीतरी पुटपुटले आणि हसले. "परदेशी हाय, पर समजतंय तिला. कुटं निघालीस हिला घिऊन?"

"मुरगूडला."

गौरा समोर होती. वस्तादांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या मिशीत काहीतरी हललं. "बरं," म्हणाले. "मग हिला रस्त्याची करू."

आणि आठ दिवस त्यांनी ते काम असं केलं की जणू मुलीला बघायला पाहुणे येणार आहेत. पहिलं टायर. "चिखलात घालायचं बूट घालून लग्नाला निघालीस व्हय गं? निम्मी वीज ह्या बटनांनी खाल्ली." गौरानं त्याच चाकांवर बसतील असे बारीक, गुळगुळीत टायर मागवले. मग हँडल. त्याला धरून ठेवणारा लांब गळा काढून आखूड आणि वर उचललेला बसवला. "वाकायचं ते देवापुढं. सायकलवर रस्ता बघायचा असतोय." मडगार्ड लावले, आरसा लावला, आणि घंटी. घंटीसाठी त्यांनी जुना पत्र्याचा डबा धुंडाळून पितळेची काढली. मी म्हटलं, "पुढची दातेरी चक्रीही मोठी करतात म्हणे रस्त्यासाठी. वेग वाढतो." ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे बारकीच. कागलच्या म्होरं चढ लागतोय." आणि थांबून, अगदी साधेपणानं, "तुला ठावं नसंल तो."

गौरानं वर बघितलं. मला घंटीकडं बघायचं फार महत्त्वाचं काम निघालं.

हवा भरायची वेळ आली. "वजन किती?"

"पंचावन्न," मी म्हटलं.

वस्ताद गौराला म्हणाले, "अडुसष्टाची भर."

"वस्ताद, अडुसष्ट माझं वय आहे!"

"दोन्ही तेवढंच हाय. पंचावन्नाची भरली तर पयल्या खड्ड्यात ट्यूब कापंल." गौरा पंप मारत राहिली आणि ते अंगठ्यानं टायर दाबत राहिले. "साकु," म्हणाले. म्हणजे पुरे. गौरानं मापाचा काटा लावून बघितला आणि मान डोलावली.

मला वाटलं, झालं. पण वस्तादांनी कुंकवाचा करंडा मागवला. ओल्या कुंकवाचं बोट मागच्या टायरवर टेकवलं आणि मला म्हणाले, "बस वर." भर रस्त्यात मला सायकलवर बसवून, एका बाजूनं गौरा, एका बाजूनं शेजारचे चहावाले धरून, चाक एक फेरा पुढं नेलं. रस्त्यावर कुंकवाचे दोन ठिपके उमटले. वस्तादांनी खडूनं रेघा मारल्या आणि गौरानं टेप लावून मधलं अंतर मोजलं.

"हे कशाला?" मी विचारलं. चार माणसं बघत होती आणि मी अडुसष्ट किलोची वर बसलेली.

"जाड टायर एका फेऱ्यात जास्त जातंय, बारीक कमी. ह्या डबीत अजून जुनं माप हाय. तसंच ठिवलं तर जेवढं गेलीस त्यापरास जास्त दावंल." हँडलवरच्या अंतर मोजणाऱ्या डबीवर त्यांनी नख आपटलं. "आन् माणूस बसल्याबिगर माप खरं येत न्हाय, टायर दबतंय न्हवं. आकडा खरा पायजे, पोरी. ह्या बारीला तरी."

गौरानं फोनवरून नवा आकडा घातला. मी खाली उतरले तेव्हा वस्ताद हळूच म्हणाले, "मोटारीला सपाटीला निजू दे. चढ आला की हाक मार. मोटार ढकलंल, पर जायचं तुलाच हाय."

गेले. खरंच गेले. सकाळी निघाले, रंकाळ्याला फेरी न मारता. कागलला रस घेतला, उभ्यानंच. एसटी लागली होती, तिच्याकडं बघून घंटी वाजवली. पुढं उसातला रस्ता, सिद्धनेर्लीचा पूल, आणि तो चढ. पन्नास वर्षं ज्याच्याबद्दल मी लोकांना सांगत होते तो चढ मी पहिल्यांदाच सायकलवरून बघत होते, आणि तो माझ्या गोष्टीतल्यापेक्षा बराच साधा निघाला. कुत्रं मात्र एकही मागं लागलं नाही, याचं मला थोडं वाईट वाटलं. मुरगूडला पोचले तेव्हा डबीत एकेचाळीस किलोमीटर आणि थोडी बॅटरी शिल्लक. घाम खरा होता, पाणी मारावं लागलं नाही.

अक्का खुर्चीत बसली होती. मला बघून टाळ्या वाजवल्या. दोन्ही सुना, नातवंडं, सगळे बाहेर. जेवण झालं, सायकल चार्जिंगला लावली आणि मी अक्काला एकटीला गाठून सगळं सांगितलं. एसटी, टप, विहीर, सगळं. डोळ्यांत पाणीही आलं माझ्या.

अक्कानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "हे बघ, तुला काय बडबडायचं ते माझ्यासमोर बडबड. सुनांसमोर एक अक्षर काढायचं न्हाय. सासूबाईंनी त्या दिवसापासनं मला कधी उणा शब्द लावला न्हवता. हिची भण सायकलवरनं येती, ही काय साधी घरातली पोरगी न्हाय, असं म्हणायच्या. पन्नास वरसं मी त्या सायकलीवर बसून काढल्यात. आता तू कोण उतरवणारी?"

म्हणजे माझी थाप मलाच परत घेता येईना. ती तिची झाली होती.

दुसऱ्या दिवशी परत आले ते तशीच थेट वस्तादांच्या दुकानात. चार गिऱ्हाइकं होती, गौरा होती, चहावाले होते. मी काही बोलले नाही. धापा टाकत होते, आणि त्या धापा खऱ्या असल्यामुळं बोलता येतही नव्हतं. वस्ताद काठी टेकत उठले. या सायकलची मोटार त्याच हबमध्ये. त्यावर त्यांनी थरथरता तळहात ठेवला. डोळे मिटले. मला सतराव्या वर्षी वाटली नव्हती इतकी भीती वाटली.

त्यांनी डोळे उघडले, आणि पेठेतल्या पोरांना शिकवताना लावायचे त्या आवाजात, मराठीत, पलीकडच्या तालमीला ऐकू जाईल असे ओरडले, "दमली! लई दमली रं!"

सायकलबद्दल चारचौघांत ते कधी मोठ्यानं बोलले असतील तर ते तेवढंच. गिऱ्हाइकं माझ्याकडं आणि त्यांच्याकडं बघत राहिली. गौरानं मला स्टूल दिलं. चहावाल्यांनी कप दिला. वस्ताद खुर्चीत बसले आणि परत सायकलशी कानडीत बोलायला लागले. काय बोलत होते ते मी विचारलं नाही.

पुढं पाच महिन्यांनी ते गेले. झोपेत, काही त्रास न होता. दुकान गौरा चालवते, आता पाटीही लावलीय तिनं. मी महिन्यातून एकदा मुरगूडला जाते. अक्का सुनांना सांगते, "जुनीच सवय हाय तिची," आणि माझ्याकडं अशी बघते की मी निमूट भाकरी खाते.

परवा सकाळी रंकाळ्यावर माझी मैत्रीण कुसुम भेटली. पहाटे पाऊस पडून गेलेला, सगळी वाट चिखलाची. ती कठड्यावर बसली होती, नव्या पांढऱ्या बुटांत. भोवती आमच्या फिरायच्या ग्रुपमधल्या सगळ्या जणी. "तीन फेऱ्या झाल्या बाई माझ्या," ती सगळ्यांना सांगत होती. "तुम्ही आत्ता येताय होय?"

माझी नजर तिच्या बुटांवर गेली. दुकानाच्या काचेतून आत्ताच काढल्यासारखे. तळाला चिखलाचा एक ठिपका नाही. बाकीच्या कौतुकानं तिच्याकडं बघत होत्या. कुसुमचा मुलगा गेल्या महिन्यात वेगळा राहायला गेलाय, घरी ती एकटीच असते. तिच्या चेहऱ्यावर मी बऱ्याच दिवसांनी असा तजेला बघितला.

मी सायकल कठड्याला टेकवली, थोडी वाकले आणि त्या बुटांना हळूच म्हटलं, "सुम्मनिर."

"काय म्हणालीस गं?" कुसुमनं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "कानडीत होतं."